मावशीची गोळी आणि गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट

मावशीने नवव्या दिवशी गोळी बंद केली. मला ते कळलं तेही असंच, शनिवारी तिच्याकडे पुण्यात सहकारनगरला गेले होते, फ्रीजवरच्या डब्यात बिस्किटं शोधत होते तर एस्सिटालोप्रामची, म्हणजे तिच्या डिप्रेशनवरच्या गोळीची, स्ट्रिप हाताला लागली, दहातल्या दोन गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "अगं काडीचा फरक नाही. नुसतं मळमळतंय, जेवण जात नाही, झोपेची तर बोंबच आहे. आणि तू हेच शिकवतेस ना कॉलेजात, मग मला सांग, डोक्यातलं केमिकल कमी झालंय म्हणून गोळी दिलीये ना? मग आमटीत मीठ घातल्यासारखं लगेच कळायला नको?"

मी फार्मसीच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवते आणि मला मनापासून वाटतं की मावशीचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. केमिकल कमी, गोळीने वाढतं, गोळी तर काही तासांत रक्तात पोचते, मग बरं वाटायला तीन-चार आठवडे का? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की त्या केमिकलचं, म्हणजे सेरोटोनिनचं, बरंचसं कोडं सुटतं, आणि उत्तर माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक नेमकं दुसऱ्या आठवड्यात गोळी सोडतात, म्हणजे सगळा त्रास सोसून झाला आणि फायदा यायच्या आत दार बंद. म्हणून तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, सेरोटोनिन म्हणजे "आनंदाचं केमिकल" हे डोक्यातून काढून टाका. मुळात ते सापडलं तेच मेंदूत नाही, रक्तात. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, अर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज हे तिघं ब्लड प्रेशरवर काम करत होते, रक्त गोठल्यावर जे सीरम उरतं त्यात रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ होता, तो त्यांनी वेगळा काढला, सीरममधला, रक्तवाहिन्यांचा टोन म्हणजे ताण वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. इटलीत व्हिटोरिओ एर्स्पामर यांना तर त्याआधीच आतड्यात एक पदार्थ मिळाला होता, नंतर कळलं की दोन्ही एकच. मेंदूत तो असतो हे बेटी ट्वारॉग या तरुण संशोधक बाईंनी १९५३ मध्ये दाखवलं. आजही हिशोब केला तर शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटात असतं, आतड्याच्या हालचालींसाठी. मावशीची मळमळ इथूनच येते, गोळी फक्त मेंदूत थोडीच जाते, ती पोटातल्या सेरोटोनिनलाही हात लावते, आणि बहुतेकांची मळमळ आठवडा-दोन आठवड्यांत जाते कारण पोटही सरावतं. गोळी जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होऊ शकतो.

आता पोटातलं एवढं सगळं सेरोटोनिन मेंदूला का नाही मिळत? कारण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो आणि सेरोटोनिनला तिथून आत सोडत नाहीत. फॅमिली ग्रुपवर "केळी खा, सेरोटोनिन वाढवा" असे मेसेज फिरत असतात ना, केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरंय, पण ते केळं खाऊन मेंदूत पोचत नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन स्वतःच बनवावं लागतं, ट्रिप्टोफॅन नावाच्या कच्च्या मालापासून, जो दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी यातून येतो. ट्रिप्टोफॅनला आत सोडतात, पण त्या दारात त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा अमिनो अॅसिडं, म्हणजे प्रोटीनचेच इतर तुकडे, धक्काबुक्की करत उभी असतात, एकच दार सगळ्यांना, त्यामुळे नुसतं प्रोटीन जास्त खाल्लं म्हणून ट्रिप्टोफॅन जास्त आत गेलं असं होत नाही. मेंदूचा पहिला कंट्रोल इथेच सुरू होतो.

आत गेल्यावर ते काम कोण करतं? मेंदूचं जे खोड आहे, मानेच्या वर, तिथे अगदी मध्यरेषेवर पेशींचे छोटे छोटे पुंजके आहेत, त्यांना राफे म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, आहेत आणि त्यातले सेरोटोनिन बनवणारे फक्त काही लाख. पण या काही लाखांच्या फांद्या जवळजवळ अख्ख्या मेंदूत पसरलेल्या, झोप, भूक, वेदना, शरीराचं तापमान, चिंता, घाई न करता थांबायची क्षमता, सगळीकडे. मला या पेशींची एक गोष्ट फार आवडते, त्या घड्याळासारख्या चालतात, जागेपणी सेकंदाला एक-दोन ठोके, संथ आणि एकसारखे, झोप लागली की मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. मांजरांवरच्या प्रयोगांत हे खूप आधीच दिसलंय. म्हणजे हे केमिकल आनंद झाला की उसळी मारणारं नाहीये, ते मागे सतत चालू असलेल्या तंबोऱ्यासारखं आहे, गाणं वेगळंच कोणीतरी गातंय.

न्यूरॉनने सेरोटोनिन सोडलं की ते दोन न्यूरॉनमधल्या बारीक फटीत येतं, समोरच्या पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटतं, निरोप पोचतो, आणि मग ते तिथून लवकर उचललं जावं लागतं. उचलायचं काम एक पंप करतो, सर्ट म्हणतात त्याला, सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर. तो ते परत त्याच न्यूरॉनमध्ये ओढून घेतो, तिथे बरंचसं पुन्हा पुड्या बांधून वापरलं जातं आणि उरलेलं एमएओ नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, ते शेवटी लघवीतून बाहेर.

इथपर्यंत मावशी ऐकत होती पण डोळे मिटायला लागले होते, मग मी तिला म्हटलं चल, तुझ्या टाकीचं उदाहरण देते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत होती, त्या पाणीटंचाईच्या दिवसांत, सगळे हळहळले. सकाळी प्लंबर आला तेव्हा मी पण वर गेले होते. त्याने काळं झाकण बाजूला सारलं, दंडापर्यंत हात आत घातला आणि दांडीला लावलेला तो प्लास्टिकचा गोळा हाताने वर उचलला, पाइपची धार बंद. खाली सोडला, धार सुरू. "ताई, फ्लोट अडकलाय बघा, टाकी भरली हे याला कळतच नाही." बास, इतकंच यंत्र. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि येणारं पाणी आपोआप थांबतं.

राफेच्या पेशींवर अगदी हेच आहे. त्या पेशींच्या स्वतःच्या अंगावर सेरोटोनिनचे रिसेप्टर असतात, वन-ए प्रकारचे, त्यांना ऑटोरिसेप्टर म्हणतात. आपणच सोडलेलं सेरोटोनिन आपल्याच आजूबाजूला जास्त झालं की हे रिसेप्टर पेशीला सांगतात, बास कर, आणि तिचे ठोके कमी होतात. फांद्यांच्या टोकाला आणखी एक प्रकार असतो, वन-बी, तो तिथल्या तिथे सोडणं आटोक्यात ठेवतो. सेरोटोनिनच्या रिसेप्टरचे एकूण किमान १४ प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे सेरोटोनिन "जास्त" किंवा "कमी" असं एकच माप लावताच येत नाही, कुठे, कोणत्या रिसेप्टरवर, किती वेळ, हे विचारावं लागतं.

आता गोळी घेतली. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी एसएसआरआय घराण्यातली, ही गोळी सेरोटोनिन बनवत नाही, भरत नाही, ती फक्त उचलणारा पंप अडवते. टाकीच्या भाषेत बाहेर जायच्या पाइपला बोळा. हे काही तासांत होतं. मग पातळी वाढते, आणि पातळी सगळ्यात आधी कुठे वाढते, तर राफेमध्येच, जिथे फ्लोट बसलाय. फ्लोट वर येतो आणि येणारं पाणी बंद! म्हणजे पहिल्या काही दिवसांत एका बाजूने गोळी सेरोटोनिन टिकवून धरतेय आणि दुसऱ्या बाजूने मेंदू आपलं उत्पादनच कमी करतोय, दोघांची रस्सीखेच, आणि दूरच्या भागांत निव्वळ वाढ थोडीच. म्हणून त्या दिवसांत अनेकांना साइड इफेक्टच जास्त जाणवतात, कोणाला अस्वस्थ, धडधड, झोपमोड. मावशी नेमकी इथे थांबली होती.

गोळी रोज चालू ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत फ्लोट थकतो. सतत वर राहून राहून ते वन-ए रिसेप्टर बधिर होतात, पेशीच त्यांची संवेदना कमी करते. राफेचे ठोके हळूहळू पूर्वपदावर येतात, पण पंप अजून अडवलेलाच आहे, त्यामुळे आता खरी वाढ मेंदूच्या दूरदूरच्या भागांत होते. हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलंय. हा तर्क तपासायला एक फार हुशार गोष्ट करून पाहिली होती, पिंडोलॉल नावाचं औषध तो फ्लोट तात्पुरता अडकवून ठेवतं, मग गोळीबरोबर ते दिलं तर असर लवकर दिसायला हवा. काही ट्रायलमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत खरंच दिसला, काहींत नाही. म्हणजे फ्लोट हे उत्तराचा एक भाग आहे, सगळं उत्तर नाही.

बाकीचा भाग काय असावा यावर सध्या सगळ्यात जास्त काम चाललंय ते मेंदूच्या जोडण्यांवर. ताणतणाव आणि डिप्रेशन लांबलं तर हिप्पोकॅम्पससारख्या, म्हणजे आठवणींशी संबंधित, भागात न्यूरॉनच्या फांद्या आखडतात, आणि या गोळ्यांनी बीडीएनएफ नावाचं प्रोटीन, जे न्यूरॉनसाठी खतासारखं काम करतं, त्याची यंत्रणा पुन्हा जागी होते असं प्राण्यांमध्ये दिसतं. फांदी फुटायला वेळ लागतोच की, गुलाबाची छाटणी केल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी कळी शोधत नाही. ऑक्सफर्डमध्ये कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट दाखवली, मूड सुधारायच्या कितीतरी आधी, अगदी सुरुवातीच्या डोसनंतरच माणूस समोरच्या चेहऱ्यातले भाव थोडे वेगळे वाचायला लागतो, रागाचे-भीतीचे कमी उचलतो, चांगले जास्त. त्याला स्वतःला अजून काही बरं वाटत नसतं. पण रोज अशा शंभर छोट्या गोष्टी जरा कमी बोचल्या, की काही आठवड्यांत त्याची बेरीज होते. मला हे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त पटतं, कारण यात गोळी एकटी काम करत नाही, माणसाचं रोजचं जगणं, बोलणं, समुपदेशन, बाहेर पडणं हेही त्यात धरलंय.

मग मावशीचा मूळ प्रश्न, केमिकल कमी झालंय का? ही कल्पना आली कुठून ते बघा, त्यात आपलं एक झाडही आहे. सर्पगंधा. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने ब्लड प्रेशर कमी होतं हे लिहिलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. ते न्यूरॉनमध्ये पुड्या बांधायचं कामच बंद पाडतं, त्यामुळे सेरोटोनिन आणि त्याच्यासारखी इतर केमिकल्स खलास होतात, आणि रिसर्पिन घेणारे काही पेशंट उदास झाल्याचे रिपोर्ट आले. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड देत होते, ते पेशंट एकदम उत्साही झाले, नंतर कळलं की ते औषध एमएओ अडवतं, म्हणजे ही केमिकल्स मोडू देत नाही. एकाने कमी केलं की उदास, दुसऱ्याने वाढवलं की उत्साह, मग सरळ निष्कर्ष, डिप्रेशन म्हणजे कमतरता. पण त्याच काळात, १९५५ मध्ये, लंडनमधल्या एका छोट्या ट्रायलमध्ये रिसर्पिनने चिंतेत आणि उदासीत असलेल्या लोकांना उलट बरं वाटलं होतं. ते फारसं कोणी लक्षात ठेवलं नाही. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली, प्रोझॅक नावाने ते जगभर गाजलं, आणि "केमिकल इम्बॅलन्स" हा शब्द जाहिरातींतून घराघरांत गेला.

पुढे निरोगी लोकांना मुद्दाम ट्रिप्टोफॅन नसलेला आहार देऊन मेंदूतलं सेरोटोनिन खाली आणलं, बहुतेकांना डिप्रेशन आलंच नाही. पण एसएसआरआयवर बऱ्या झालेल्या लोकांना तेच केलं तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची लक्षणं काही तासांसाठी परत आली. म्हणजे सेरोटोनिनचा बरं होण्याशी संबंध आहे, आजार होण्याशी तितका सरळ नाही. २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे एकत्र तपासून लिहिलं की डिप्रेशन कमी सेरोटोनिनमुळेच होतं याला ठोस आधार नाही. झालं, लगेच बातम्या आल्या की गोळ्या बोगस. हे तसं नाहीये! गुडघा शेकल्यावर बरं वाटतं म्हणून गुडघ्यात उष्णता कमी पडली होती असं कोणी म्हणतं का, आणि उष्णता कमी नव्हती म्हणून शेक खोटा ठरतो का? गोळी काम करते का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर २०१८ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या अभ्यासात आहे, ५२२ ट्रायल, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं, सगळीच्या सगळी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस निघाली. सरासरी फरक मध्यम आहे, प्रचंड नाही. कोणाला खूप फायदा, कोणाला थोडा, कोणाला शून्य आणि मग औषध बदलावं लागतं. सौम्य डिप्रेशनमध्ये तर आधी समुपदेशन, थेरपी यांचाच विचार करायला सांगतात.

त्या शनिवारी मी मावशीला माझ्या मनाने गोळी परत सुरू करायला नाही सांगितली, तिच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांनी आधी आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०, असं सांगितलं, आणि सोडियमची रक्त तपासणी लिहून दिली, कारण साठीच्या पुढे या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं आणि मग चक्कर, गोंधळलेपण येतं, घरच्यांना वाटतं वयच झालं. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली ती मला फार आवडली, गुडघ्यासाठी पेनकिलर घेता का? मावशी सर्रास घेते. रक्तातल्या प्लेटलेट सेरोटोनिन स्वतः बनवू शकत नाहीत, त्या ते याच पंपाने उचलतात, पंप अडवला की त्यांचा साठा घटतो आणि रक्त थांबवायची ताकद थोडी कमी होते, त्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या म्हणजे पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल तर त्याहून जपून, दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, ताप, थरथर, स्नायू ताठ, धडधड, असं झालं तर सरळ इमर्जन्सीला जायचं. घरात कोणाला बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साहाचा आजार, असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, नुसत्या अँटीडिप्रेसंटने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. आणि पंचविशीच्या आतली मुलं असतील तर पहिले काही आठवडे त्यांच्यावर नीट लक्ष ठेवा, या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात अशी स्पष्ट सूचना या औषधांवर आहे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मराठीतही चालतो.

मावशीने यावेळी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज टिक करायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात फोनवर सहज म्हणाली, "ती कोपऱ्यावरची भाजीवाली हल्ली बरी बोलते गं." मी काहीच म्हटलं नाही पण मला भरून आलं. सहाव्या आठवड्यात ती तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेली, वर्षभराने, अर्ध्या वाटेवरून परत आली पण गेली.

बरं वाटायला लागल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवतात, तिची पुढे वर्षभर चालली. गोळीने भावना जरा बोथट होतात, रडूही येत नाही, अशी तिची तक्रार होती आणि ती खरी आहे, बरेच जण सांगतात, शरीरसंबंधांवर होणारा परिणाम तर लोक लाजेने सांगतच नाहीत, डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. आता तिची गोळी कमी करणं चालू आहे आणि इथेही तोच फ्लोट. बधिर झालेली यंत्रणा एका दिवसात जागी होत नाही, गोळी एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, पॅरॉक्सेटिनसारखी शरीरातून पटकन जाणारी असेल तर जास्त, फ्लुओक्सेटिन आठवडे-आठवडे रेंगाळतं म्हणून कमी. आणि यातली खुबी म्हणजे नेहमीच्या डोसला साधारण ८० टक्के पंप अडवलेले असतात, डोस निम्मा केला तरी त्यातले बरेचसे बंदच राहतात, खरा उतार शेवटच्या टप्प्यात असतो, थोड्याशा डोसवरून शून्यावर येताना. म्हणून १० वरून ५ ला ती सहज आली, पण ५ च्या खाली डॉक्टर अगदी हळू नेतायत.

सध्या ५ ची अर्धी चालू आहे. सुरीने तोडली की चुरा होतो म्हणून मेडिकलमधून गोळी कापायचं छोटं कटर आणलंय, ती चष्मा लावून, जीभ दातात धरून गोळी मधोमध कापते, अर्धी घेते आणि उरलेली अर्धी स्ट्रिपच्या त्याच खळग्यात परत ठेवून डबा फ्रीजवर.